मुगाएवढं भोक आणि बारा फोटोंची बेरीज

महागड्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा जो गोल काचेचा उंचवटा असतो, तो बघून वाटतं की भिंग चांगलं मोठं आहे. त्यातला बराचसा भाग चौकट आणि वरची संरक्षक काच असते. प्रकाश जिथून खरोखर आत शिरतो ते भोक मुख्य कॅमेऱ्यात साधारण ४ मिलिमीटरचं असतं, मुगाच्या दाण्याएवढं. लग्नात नवरीचे फोटो काढताना फोटोग्राफर ८५ मिलिमीटरचं एफ १.८ भिंग लावतो, त्याचं भोक ४७ मिलिमीटर.

तरीही दोघांनी काढलेले फोटो घरच्या टीव्हीवर लावले तर कुठला कशाने काढला हे पुष्कळदा ओळखता येत नाही. कधी कधी तर फोनचाच जास्त आवडतो. दुसरीकडे, त्याच लग्नात अक्षता उडतानाचा फोटो फोनने काढला की सगळं फिसकटतं. एकच फोन दुपारी कॅमेऱ्याच्या तोडीस तोड असतो आणि रात्री नाचणाऱ्या मुलीचा चेहरा पुसट करून टाकतो, हे कसं?

फोन आपल्या अंगच्या जागेची कमतरता वेळेने भरून काढतो, हे त्याचं उत्तर. त्याला थोडा वेळ मिळाला की तो मोठ्या कॅमेऱ्याची बरोबरी करतो. वेळ मिळाला नाही की उघडा पडतो. ही गोष्ट नीट कळली की 'कॅमेरा घेऊ की चांगला फोन' या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याला काढता येतं.

एफ १.८ सगळीकडे सारखं नसतं

आधी मापं बघू. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. हे माप आलं जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरून. जर्मनीतल्या लाइट्झ (आजची लायका) कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची फिल्म आडवी धरून, दोन चौकटींची एक करून छोटा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली बाजारात आला, आणि ते माप आजतागायत टिकून आहे. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर.

सध्याच्या चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटर, म्हणजे ७२ चौरस मिलिमीटरच्या आसपास. सरळ बारापट फरक. काही फोन 'एक इंची सेन्सर' म्हणून मिरवतात, पण त्यात एक इंच काहीच नसतं. तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या आणि त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायची पद्धत होती, ती तशीच चालत आली. ग्राहकाला त्याचा उपयोग शून्य, जाहिरातदाराला मात्र चांगला.

आता भोक. भिंगावर एफ १.८ असं लिहिलेलं असतं, ते भोकाचं माप नव्हे, भागाकार आहे. भिंगाच्या फोकल लांबीला, म्हणजे लांबच्या वस्तूचं चित्र भिंगामागे जितक्या अंतरावर उमटतं त्या अंतराला, भोकाच्या व्यासाने भागलं की तो आकडा येतो. फोनच्या मुख्य भिंगाची खरी फोकल लांबी जेमतेम ७ मिलिमीटर. तिला १.८ ने भागलं की ३.९ मिलिमीटरचं भोक. फोनच्या तपशिलात '२४ मिलिमीटर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिलिमीटरचं भिंग लावल्यावर जेवढं दृश्य मावतं तेवढं यात मावतं. कॅमेऱ्याच्या त्या २४ मिलिमीटर, एफ १.८ भिंगाचं भोक १३.३ मिलिमीटरचं. म्हणजे दोन्हींवर आकडा एकच, पण भोकाच्या व्यासात साडेतीनपट फरक आणि क्षेत्रफळात पुन्हा तेच बारापट.

दोन्हींमध्ये एफ सारखाच असल्यामुळे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर प्रकाश सारखाच पडतो, म्हणून फोटो काळाकुट्ट येत नाही. पण एकूण प्रकाश फोनला बाराव्या हिश्श्याचाच मिळतो. दुकानात 'याचं ॲपर्चर (म्हणजे हे भोक) कॅमेऱ्यापेक्षाही भारी आहे' असं कोणी सांगितलं तर हा हिशेब आठवावा.

कमी प्रकाशात दाणे का दिसतात

प्रकाश कमी पडला म्हणून नक्की काय बिघडतं? प्रकाश कणांनी येतो आणि हे कण एका ठरावीक चालीने येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर, म्हणजे सेन्सरवरच्या एका बारीक चौकोनावर, सरासरी १०० कण पडायला हवे असतील तर प्रत्यक्षात कधी ९० पडतात, कधी ११०. ही चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे १०० ला १०. दहा टक्के. शेजारी शेजारी असलेल्या दोन पिक्सेलवर खरं तर सारखाच करडा रंग यायला हवा, पण एक गडद आणि एक फिका येतो. भिंतीवर, आकाशात, गालावर जे दाणे दिसतात ते हेच. फोटोग्राफर त्याला नॉइज म्हणतात.

कण १०,००० असतील तर चढउतार १०० ची, म्हणजे फक्त एक टक्का. डोळ्याला दिसतच नाही.

म्हणून भर दुपारी फोन आणि कॅमेरा यांच्यात फरक जाणवत नाही. उन्हात प्रकाश इतका असतो की बारावा हिस्साही पुरून उरतो. संध्याकाळ झाली, देवघरातल्या समईच्या उजेडात फोटो काढायचा म्हटलं की तो बारावा हिस्सा बोचायला लागतो. सेन्सर 'चांगल्या दर्जाचा' असला की भागेल असं वाटतं, पण हे दाणे सेन्सरच्या दोषामुळे येत नाहीत, ते प्रकाशातच असतात. जगातला सर्वांत उत्तम सेन्सर बसवला तरी जे कण आत आलेच नाहीत ते तो मोजणार कुठून?

मग उपाय एकच. जास्त कण गोळा करायचे. भोक मोठं करता येत नाही, कारण भोक मोठं केलं की भिंग मोठं, भिंग मोठं की फोन जाड. राहिला वेळ.

बटण दाबण्याआधीच काढलेला फोटो

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर जास्त प्रकाश येईल, पण हात हलतो आणि फोटो पुसट होतो. यावर गूगलमध्ये मार्क लेव्हॉय यांच्या गटाने जो मार्ग धरला तो आता सगळ्यांनीच उचलला आहे. लेव्हॉय मूळचे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. त्यांच्या गटाच्या पद्धतीत एक लांब फोटो काढायचाच नाही. झटपट, छोटे छोटे, मुद्दाम थोडे काळसर असे अनेक फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत हात किंचित सरकलेला असतो. फोनचा प्रोसेसर प्रत्येक फोटोचे चौकोनी तुकडे पाडतो, पहिल्या फोटोतल्या त्याच तुकड्याशी जुळवतो आणि सगळ्यांची बेरीज करतो.

बारा फोटोंची बेरीज केली की प्रकाशही बारापट गोळा झालेला असतो. म्हणजे ७२ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरने बारा खेपांत तेवढंच आणलं जेवढं ८६४ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरने एका खेपेत आणलं असतं. दाणे साडेतीन पटीने कमी, कारण बाराचं वर्गमूळ साडेतीनच्या जवळ येतं. यात जादू काही नाही, निव्वळ अंकगणित आहे. आकाशाचे फोटो काढणारे हौशी लोक हीच युक्ती कॉम्प्युटरवर बसून फार आधीपासून करत आले आहेत. फोनने ती दोन सेकंदांत आणि कुणाला न सांगता करायला सुरुवात केली, एवढंच.

फोटो मुद्दाम काळसर का काढायचे? कारण पांढरा फटफटीत झालेला भाग पुन्हा आणता येत नाही. गणपतीच्या मखरात एलईडीची माळ असते आणि मूर्तीचा चेहरा सावलीत. एका फोटोत दोन्ही धरायचं म्हटलं तर एकतर दिवे पांढरेफटक होतात, नाहीतर चेहरा काळा पडतो. काळसर फोटोत दिवे शाबूत राहतात. मग बेरजेमुळे अंधारातले दाणे कमी झालेले असल्याने सावलीतला चेहरा खुशाल उजळून घेता येतो. मखराचे फोटो फोनवर इतके छान येतात ते यामुळे. मोठ्या कॅमेऱ्याने तेच करायला रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) काढून घरी कॉम्प्युटरवर बसावं लागतं.

यातली मला सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कॅमेरा ॲप उघडल्या क्षणापासून फोन सारखे फोटो घेत असतो आणि जुने पुसत असतो. आपण बटण दाबतो तेव्हा तो मागे वळून नुकतेच घेतलेले फोटो उचलतो. म्हणजे साध्या उजेडात बटण दाबण्याआधीच फोटो निघालेला असतो. बोट खाली यायला वेळ लागतो, तो त्याने धरलेला असतो. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात उलट व्हायचं. बटण दाबलं की तो 'टीटी' करून विचार करायचा आणि तोपर्यंत बाळाचं हसू ओसरलेलं असायचं.

२०१८ मध्ये गूगलने पिक्सेल ३ या आपल्या फोनवर हीच बेरीज रात्रीसाठी लांबवली, पुढच्या वर्षी ॲपलनेही आयफोन ११ ला नाइट मोड दिला. पिक्सेल ४ पासून तर फोन दगडावर टेकवून ठेवला तर चार मिनिटांपर्यंत आकाशाचा प्रकाश गोळा करता येतो. शहराच्या उजेडापासून लांब, हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी चांगल्या फोनमध्ये आकाशगंगेचा पट्टा येतो तो असा.

अक्षता आणि टिपरू

आता उलटी बाजू. बेरीज करायची तर बाराही फोटोंत वस्तू तीच आणि तिथेच असायला हवी. मूर्ती हलत नाही. डोंगर हलत नाही. 'तदेव लग्नं' संपून 'सावधान' झालं आणि अक्षता उडाल्या की मात्र सगळंच हलतं.

तांदळाचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने पडतोय असं धरा. हॉलमधल्या उजेडात फोनने साठावा भाग सेकंद शटर उघडलं तर तेवढ्यात दाणा ५ सेंटिमीटर खाली येतो. फोटोत दाणा नाही, पांढरी रेघ. तोच दाणा हवेत थांबलेला दाखवायचा तर हजारावा भाग सेकंद लागेल, तेव्हा तो फक्त ३ मिलिमीटर सरकतो. पण त्यात प्रकाश सोळा-सतरापट कमी. आणि पुढच्या फोटोत तो दाणा दुसरीकडेच असल्यामुळे बेरीजही नाही. म्हणजे फोनची एकमेव युक्ती नेमकी इथे बंद. मोठा कॅमेरा हे एका खेपेत करतो, कारण त्याला बेरजेची गरजच नसते.

विसर्जन मिरवणुकीत रात्रीचं ढोलपथक फोनवर टिपून बघा. वादकाचा कमरेपर्यंतचा भाग, ढोल, मागचे झेंडे सगळं स्वच्छ. टिपरू धरलेला हात मात्र धुरकट, किंवा वाईट म्हणजे मऊ मेणासारखा गुळगुळीत. फोनच्या प्रोग्रॅमला कळतं की हा तुकडा जुळत नाही. मग तो तिथे बेरीज सोडून एकाच फोटोतला तुकडा ठेवतो. त्या तुकड्यात दाणे असतात, ते झाकायला तो पुसून घेतो. एकाच फोटोत एका इंचावर बारा फोटोंची सफाई आणि दुसऱ्या इंचावर एका फोटोची गरिबी. हे एकदा दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं.

घरातलं पळणारं लहान मूल, संध्याकाळचा कबड्डीचा सामना, नाटकाच्या रंगमंचावरचा नट, सगळे याच प्रकारात मोडतात. अंधार आणि हालचाल एकत्र आली की कॅमेरा. नुसता अंधार किंवा नुसती हालचाल असेल तर फोन बहुतेक वेळा निभावतो.

लांबच्या चिमणीचे किती पिक्सेल

दुसरी जागा अंतराची, आणि इथे तर वेळही कामाला येत नाही.

समजा वीस मीटरवर तारेवर एक चिमणी बसली आहे, लांबी १५ सेंटिमीटर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात सेन्सरवर तिचं चित्र ०.०५ मिलिमीटरचं पडतं, म्हणजे बारा मेगापिक्सेलच्या (एक कोटी वीस लाख पिक्सेलच्या) फोटोत साधारण वीस पिक्सेल. पाचपट झूमचं वेगळं भिंग असेल तर शंभरेक पिक्सेल. हुवावेने २०१९ मध्ये पी ३० प्रोमध्ये असं भिंग आडवं बसवलं होतं. प्रकाश आरशासारख्या लोलकाने काटकोनात वळवायचा आणि भिंगांची रांग फोनच्या जाडीत नव्हे तर रुंदीत मांडायची. फार हुशार मांडणी आहे, आता बहुतेक महागड्या फोनांत असते. पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला ६०० मिलिमीटरचं भिंग लावलं तर तीच चिमणी ७५० पिक्सेलची येते. डोळ्यातली चमक, पंखावरच्या रेघा, चोचीतला किडा हे सगळं त्या साडेसातशेत मावतं. वीस पिक्सेलमध्ये मावत नाही.

भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे थवे बघायला जाणारे लोक हातभर लांबीची भिंगं का वाहतात ते यावरून कळेल. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल न्यायलाच मनाई आहे, त्यामुळे तिथे हा वादच मिटतो.

इथे फोनवाल्यांनी एक वेगळाच रस्ता धरला. जे दिसत नाही ते रंगवायचं. २०२३ च्या मार्चमध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर एकाने प्रयोग केला. चंद्राचा फोटो मुद्दाम अगदी लहान आणि पुसट करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे आणि डाग उमटले, जे पडद्यावर नव्हतेच. कंपनीने नंतर खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि चंद्रांच्या फोटोंवर शिकवलेल्या यंत्रणेकडून तपशील स्पष्ट करून घेतो. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, त्यामुळे हे जमून जातं. चिमणीच्या बाबतीत असं करता येत नाही, कारण ही चिमणी त्या चिमणीसारखी नसते. तीसपट, शंभरपट झूमच्या जाहिरातींकडे मी याच नजरेने बघतो.

बेरीज करणं आणि रंगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरजेत जो प्रकाश येतो तो खरोखर आलेला असतो. रंगवण्यात तो दुसऱ्याच कुणाच्या फोटोवरून अंदाजाने आणलेला असतो. फोन ही सीमा कुठे ओलांडतो हे तो सांगत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. पिक्सेल ८ मध्ये तर २०२३ पासून ग्रुप फोटोतल्या मामांचे मिटलेले डोळे शेजारच्या फोटोतून आणून उघडताही येतात. निदान तिथे आपण होऊन तसं करायला सांगतो.

मागचं धूसर

'मागचं ब्लर' ज्याला म्हणतात त्यात भोकाचा आकार थेट दिसतो. याचा एक साधा नियम आहे, पण तो फारसा कुठे सांगितलेला आढळत नाही. आपण चेहऱ्यावर फोकस केलं आणि मागे खूप लांब एक दिवा असेल तर फोटोत त्या दिव्याची जी गोल धूसर चकती दिसते ती चेहऱ्याच्या मापात बरोबर भिंगाच्या भोकाएवढी असते. ८५ मिलिमीटर, एफ १.८ असेल तर ४७ मिलिमीटरची चकती, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मागचं दुकान, पाटी, मोटारसायकली सगळं त्यात विरघळतं. फोनच्या मुख्य भिंगाची चकती ४ मिलिमीटरची. पाटीवरची अक्षरंही वाचता येतील.

म्हणून पोर्ट्रेट मोड. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन भिंगांतल्या फरकावरून कुठली वस्तू किती लांब याचा अंदाज घेऊन मागचा भाग पुसायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी पिक्सेल २ ने ते एकाच भिंगावर जमवलं. आता हे बरंच सुधारलं आहे, तरी कुठे फसतं ते ठरलेलं आहे. मोकळे केस, चष्म्याची काडी, नथीच्या आतली मोकळी जागा, गजऱ्याची सुटलेली पाकळी. भिंगाला यातलं काहीच ओळखावं लागत नाही, कारण ते अंदाज करत नाही. प्रकाश जिकडून येतो तिकडून येतो आणि पसरतो.

उलट बाजूही सांगायला हवी. पुस्तकाचं पान, जेवणाचं ताट, फुलावरची मुंगी, पंधरा माणसांचा तीन रांगांतला ग्रुप फोटो अशा वेळी सगळं स्पष्ट यायला हवं असतं. तिथे छोटं भोक हाच फोनचा गुण ठरतो. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ १.८ लावून ग्रुप फोटो काढला की पहिली रांग स्पष्ट आणि मागची काकू धूसर.

सेल्फीत नाक मोठं दिसतं त्याचा दोष मात्र भिंगाला देऊ नका. तो अंतराचा परिणाम आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर. फोन ४० सेंटिमीटरवर धरला की नाक कानापेक्षा तीस टक्के मोठं दिसतं, दोन मीटरवरून जेमतेम सहा टक्के. दुसऱ्याचा फोटो काढताना दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. कुठल्याही फोनवर चेहरा लगेच सुधारतो.

दोनशे मेगापिक्सेल

मोबाईलच्या दुकानात अजूनही पहिला प्रश्न हाच असतो, 'किती मेगापिक्सेलचा?' २००० साली जपानमध्ये शार्पचा कॅमेरावाला फोन आला तेव्हा तो १ लाख १० हजार पिक्सेलचा होता, त्या काळात हा प्रश्न बरोबर होता. आता नाही. ए४ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. फोनचा पडदा स्वतः अडीच-तीन मेगापिक्सेलचा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटोही दोन-तीनच्या आसपास येऊन पडतो.

२०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबीच एवढी असते. शिवाय कुठल्याही भिंगातून आलेला प्रकाश अगदी बिंदूवर जमत नाही, त्याची छोटी चकती होते. एफ १.८ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे २.४ मायक्रॉनची येते. म्हणजे भिंग कितीही निर्दोष असलं तरी प्रकाशाचा एक ठिपका चार बाय चार, सोळा पिक्सेल व्यापतो. हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणूनच फोन सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. भर उन्हात पूर्ण २०० वर काढलं किंवा मधला भाग कापून झूम केलं तर थोडाफार फायदा होतो, नाही असं नाही. पण ५० आणि २०० मधला आकडा बघून फोन निवडू नये. सेन्सर किती मोठा आहे ते बघावं.

मग कॅमेरा कुणी घ्यावा

जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये ९० लाखांच्या आत. खिशात मावणारे छोटे कॅमेरे फोनने जवळजवळ संपवले, कारण त्यांचा सेन्सर फोनएवढाच होता आणि बेरीज करणारा प्रोसेसर त्यांच्याकडे नव्हता. मोठे कॅमेरे टिकले. मधला आरसा काढून टाकून ते मिररलेस झाले, डोळा ओळखून फोकस करायला शिकले. ऑलिंपससारख्यांनी २०१९ पासून हातात धरूनच अनेक फोटोंची बेरीज करायची सोयही दिली. पण मोठ्या सेन्सरवरची सगळी माहिती वाचून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे फोनसारखं सतत फोटो घेत राहणं त्यांना सहज जमत नाही. बाजार आटल्यावर त्यावर खर्च करणारे कमी झाले, हेही आहेच.

प्रवास, घरगुती समारंभ, पदार्थ, कागदपत्रं, चालता चालता काढलेला व्हिडिओ यासाठी फोन. यातल्या व्हिडिओत तर हात स्थिर ठेवण्याच्या बाबतीत चांगला फोन पुष्कळदा महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. काढण्याआधी भिंग सुती कापडाने पुसा. पुष्कळशा 'धुरकट' फोटोंचं कारण बोटांचं तेल असतं. घरातल्या दिव्याखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि अमेरिकेतून आणलेला फोन किंवा कॅमेरा कधी कधी ६० वर लावलेला असतो.

पक्षी, खेळ, रंगमंच, लग्नाचा व्यवसाय, किंवा नुसतंच फोटो काढायला शिकायचं असेल तर कॅमेरा. शिकण्यासाठी म्हणतो याला कारण आहे. बहुतेक फोनमध्ये भोक लहानमोठं करताच येत नाही आणि बाकीचे निर्णय तो तुम्हाला न विचारता घेतो. कॅमेऱ्यावर शटर, ॲपर्चर, आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा ते) तिन्ही स्वतः फिरवले की वर लिहिलेलं सगळं एका आठवड्यात बोटांना कळतं. त्यासाठी नवा घ्यायची गरज नाही. लोक डीएसएलआर (आरसा असलेले आधीचे कॅमेरे) विकून मिररलेसकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. त्यावर ५० मिलिमीटरचं एफ १.८ भिंग लावा. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांपैकी ते एक असतं, आणि त्याचं भोक २८ मिलिमीटरचं, फोनच्या सातपट.

जुना घेताना शटर किती वेळा चाललं आहे ते विचारा. भिंग उजेडासमोर धरून आतून बघा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याच्या दमटपणाने काचांच्या मध्ये बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. असं भिंग कमी किमतीत मिळत असलं तरी घेऊ नका, साफ करायला त्याहून जास्त पैसे लागू शकतात आणि बुरशी परत येऊ शकते. चांगलं मिळालं तर जूनपासून ते चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक असेल तर काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा टाका.